काकू तेलंगात जाऊन आल्या

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये तुराट्यांचं कूड आहे. दरसाल ते एका अंगाला कलतं, दरसाल काकू म्हणतात, "औंदा काट्याचा तारच मारून टाकू," आणि तूर निघाली की पुन्हा नव्या तुराट्यांचा भारा येऊन पडतो. तार मारला तर त्यावर कोपर टेकवून उभं राहता येणार नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे. कुडावर वालाचा वेल. मूळ त्यांच्या अंगणात, पण ऊन आमच्याकडं, त्यामुळं शेंगा सगळ्या आमच्या बाजूला लोंबतात. त्या कुणाच्या, हे दहा वर्षांत ठरलेलं नाही. मी तोडते, गंजभर कुडावरून देते, आणि गंज रिकामा होऊन परत यायला तासभर लागतो.

यंदा दिवाळी झाली नि काकू हैदराबादला पोराकडं गेल्या, त्या शिमगा करूनच परतल्या. चार महिने सगळ्या शेंगा मी एकटीनं खाल्ल्या. शेंगा चांगल्याच लागल्या. पण आमच्या रिद्धपुरातली एक बातमी वेळेवर कळली असेल तर शपथ.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात मुंगवड्या घालत होत्या. बाजेवर जुनं लुगडं ताणून पसरलेलं, मांडीशी वाटलेल्या मुगाच्या डाळीचं कोपर, बाजूला पाण्याची वाटी. बोटं पाण्यात बुडवायची, चिमटीत पीठ घ्यायचं आणि अंगठ्यानं पुढं ढकलून लुगड्यावर सोडायचं. वडीला वर छोटं टोक येतं. काकूंच्या वड्या एका मापाच्या, एका ओळीत, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. तीस वर्षं मी पोरं ओळीत उभी केली. वड्या मला अजून जमल्या नाहीत. बाजेच्या पायथ्याशी काकूंच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, कावळे हाकलायची काठी मांडीवर घेऊन बसलेल्या.

"मग काकू, करमलं का तिकडं?"

"करमाले काय झालं वो बाई? लिफ्ट हाय, घरात थंडी हवा हाय, नळ सोडला का पानी. अथी माह्या अर्धा जलम हंड्यापाशी गेला. तथी चार महिने म्या हंडा पाह्यला नाई."

"मग परत कशाला आलात?"

"बशीत तिकीट पडलं मले."

मला वाटलं काकू चेष्टा करतात. पण नाही, हेच खरं दुखणं होतं. तेलंगणात डिसेंबर २०२३पासून सरकारी बसमध्ये बायांना तिकीट नाही. सून आणि काकू दोघी देवाला निघाल्या. कंडक्टर आली, सुनेनं तिथलं आधार कार्ड दाखवलं, तिला शून्य रुपयाचं तिकीट मिळालं. काकूंनी आपलं कार्ड दाखवलं. कंडक्टरनं ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. आणि पूर्ण पैसे मागितले.

"साऱ्या बशीत मी एकटी पैशेवाली. साऱ्याजनी माह्याकडे पाहून राह्यल्या, जशी मी कोनी मोठी सावकारीन. म्या म्हनलं, बाई वो, आमच्या अथी मले अर्धं तिकीट लागते, माह्या सासूले तं लागतच नाई. थे तेलगूत काही म्हने. मी वऱ्हाडीत काही म्हनो."

मार्च २०२३पासून आपल्या एसटीत बायांना निम्मं भाडं आणि त्याआधीच्या वर्षापासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना काहीच नाही. आजी तर मोर्शीला नुसतं हिंडायला म्हणून जाऊन येतात. म्हणजे काकूंना आपलं राज्य कोणतं हे नकाशानं सांगितलं नाही, तिकिटानं सांगितलं. शिवाय लाडक्या बहिणीचे पंधराशे. ते काकू हैदराबादेत असतानाही खात्यात पडत होते, पण केवायसी करायची वेळ आली तेव्हा ओटीपी इथं राहिलेल्या धाकट्याच्या मोबाइलवर, तो वावरात, वावरात रेंज नाही. तीन दिवस मायलेक एकमेकांना आकडे सांगत होते आणि प्रत्येक आकडा शिळा निघत होता.

"पन भाषेचं कसं केलं?" मी विचारलं. मीही त्यांच्याशी बोलताना 'पन'वर येते. बाईपणा कुडाच्या अलीकडं ठेवते.

इथं काकू खुलल्या. भाषेचं म्हणे काहीच अडलं नाही. भाजीवाला तिथलं दखनी हिंदी बोलायचा. काकू म्हणाल्या 'नको', त्याला कळलं, कारण तोही 'नक्को'च म्हणतो. दखनीनं हा शब्द मराठीतूनच उचललेला. काकूंनी 'काऊन' म्हणायचं, त्यानं 'कायकू' म्हणायचं, की झाला सौदा. दुसऱ्या महिन्यात तो भाजीवाला काकूंना अम्मा म्हणायला लागला आणि मिरच्या वरून टाकायला लागला.

आता माझं ऐका. मी नोकरीत असताना एका प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस पुण्यात होते. आपलंच राज्य, आपलीच भाषा, मी स्वतः मराठी शिकवणारी. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हटलं, "थांबा, मी येऊनच राहिली." शेजारची बाई अगदी मायेनं म्हणाली, "तुमचं मराठी छान आहे हं. मूळच्या हिंदी भाषिक का?" पंधरा दिवस मी प्रत्येक वाक्य तोंडातून सोडण्याआधी तपासून पाहिलं. परराज्यात काकूंचा शब्द चालला आणि स्वराज्यात माझा अडला. हे मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग तुमाले पुन्यातच पासपोर्ट लागत असन," आणि आणखी चार वड्या टाकल्या.

पण खरी गंमत वेगळीच आहे. काकूंचं घर महानुभाव पंथाचं. थोरला पोरगा हैदराबादला, पोरगी बंगळूरला. आणि साडेसातशे वर्षांपूर्वी चक्रधरस्वामींनी आपल्या माणसांना काय सांगून ठेवलं? महाराष्ट्रात राहा, कानडी मुलखात जाऊ नका, तेलंग मुलखात जाऊ नका. काकूंच्या बाहेर पडलेल्या दोन्ही लेकरांनी निवडून तेच दोन देश धरले.

"स्वामीनं सांगतलं होतं," काकू म्हणाल्या. "पन तवा कंपन्या कोठी होत्या?"

त्यामागचं कारण मला फार आवडतं. ते मुलूख वाईट म्हणून नव्हे. तिकडं सुखोपभोग फार आणि संन्याशाला मानही फार, म्हणून साधक तिकडं सैल पडेल, अशी ती काळजी होती. म्हणजे आराम तिकडं आहे, हे यादवांच्या काळातच मान्य झालेलं! महाराष्ट्रात राहायचं ते सुखासाठी नव्हे. माझ्या मते इथल्या उन्हाळ्याचं, भारनियमनाचं आणि संत्र्याच्या भावाचं इतकं समाधानकारक स्पष्टीकरण दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आणि सांगणारे स्वामी तरी कुठले? परंपरा त्यांना गुजरातेतल्या भडोचचे म्हणते. रामटेकला म्हणून निघाले, वाटेत रिद्धपूरला गुरू गोविंदप्रभू भेटले आणि पुढचं सगळं मराठीत झालं. बाहेरून आलेल्या माणसानंच हा मुलूख सर्वांत घट्ट धरला, असं मी म्हटलं, तर आजींनी काठी आपटली. मला वाटलं माझ्यावर. पण कावळा होता.

गोविंदप्रभूंच्या लीळा वाचल्या की आमचं गाव वाचल्यासारखं वाटतं. ते कुणाच्याही घरात शिरत, कुणाचंही ताट ओढत, पोरांत खेळत, भांडत. १९८४ साली अॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी त्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा आमच्या बोळाबोळांतल्या भानगडी न्यूयॉर्कला छापून झाल्या. आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र कसं केलं? स्वामींना पाहिलेल्या एकेका माणसाला गाठून विचारलं, काय झालं, कोण काय म्हणालं, तू स्वतः ऐकलंस की दुसऱ्याकडून. सन १२७८च्या सुमाराची गोष्ट. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा विचारपूस करून झाला आहे. त्यामुळं कुडावर कोपर टेकवून उभं राहणाऱ्या बायांना या गावात तरी कुणी रिकामटेकड्या म्हणू नये.

त्याच गावात आता मराठी भाषेचं विद्यापीठ आलं आहे. २०२३च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२४ साली पहिले कुलगुरू आले, त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. काकूंनी जायच्या आधीच मागची खोली रंगवून घेतली होती.

"भाड्यानं देता काय काकू?"

"देतो नं. पन एक अट हाय. माह्या बोलन्याची वही नाई करायची."

आजी एवढा वेळ गप्प होत्या. आमच्या तोंडी 'महाराष्ट्र, महाराष्ट्र' ऐकून त्यांना राहवेना. "कोन्ता महाराष्ट्र वो?" त्या म्हणाल्या. "मी जलमली तवा काई महाराष्ट्र नव्हता."

मी हिशोब मांडला. आजींचा जन्म चले जावच्या वर्षीचा, १९४२चा, चांदूर बाजारच्या बाजूच्या खेड्यातला. तेव्हा हे सी.पी. अँड बेरार. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड, आणि तोही कागदोपत्री निजामाचाच: १८५३पासून फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात आणि पुढं विसाव्या शतकाच्या तोंडाशी, सालीना पंचवीस लाखांवर, कायमच्या पट्ट्यानं. आजी चौथीला गेल्या तेव्हा मुलखाचं नाव मध्यप्रदेश झालं होतं आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्य आलं. पुढच्या वर्षी आजींचं लग्न झालं, म्हणजे त्या मुंबई राज्यात सासरी आल्या. १ मे १९६०ला महाराष्ट्र, आणि त्यानंतर पहिलं लेकरू. माहेर ते सासर एसटीनं तासाभराची वाट. या एवढ्या वाटेत आजींची चार राज्यं झाली.

"आन तुमी कुठं गेल्या नाई?"

"मी कायले जाऊ? थेच येत गेले."

मधल्या काळात पाचवंही होता होता राहिलं. १९५५ साली फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा असं लिहून दिलं होतं. लोकनायक अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, मोठमोठी माणसं त्यासाठी उभी होती. त्याआधी १९५३चा नागपूर करार झाला. त्याचा जिवंत राहिलेला भाग म्हणजे हिवाळ्यात नागपुरात भरणारं अधिवेशन. आमच्याकडं अजूनही १ मेला एका चौकात झेंडावंदन असतं आणि दुसऱ्या चौकात काळ्या फिती. मी शाळेत झेंड्याला उभी राहिले. काकूंच्या मालकांनी, म्हणजे आमच्या काकाजींनी, ते असेतो फीत लावली. संध्याकाळी दोघं याच कुडाशी बोलायचो. त्यांचं म्हणणं साधं होतं: रिद्धपूरहून भोपाळ जवळ, हैदराबाद जवळ, आणि आपली राजधानी सगळ्यात लांब. हे खोटं नाही. मोजून पाहा. आता समृद्धी महामार्ग झाला, एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमानही उडतं. पण ज्याला मंत्रालयात कागद घेऊन जायचं असतं तो माणूस अजून तरी अमरावती एक्सप्रेसच्या जनरल डब्यातच दिसतो. काकाजींना माझं उत्तर एकच असायचं, की वेगळं राज्य झालं तरी तलाठी तोच राहील. त्यावर ते हसायचे, पण मान हलवायचे नाहीत.

हे सगळं बोलता बोलता विषय निघाला नातवाचा. काकू जरा थांबल्या. बोटं पाण्याच्या वाटीतच राहिली.

नातू यंदा दहावीला, हैदराबादेत. डॉक्टर व्हायचं म्हणतो. सुनेला वाटलं, अमरावतीला किंवा नागपूरला घालू, आजीजवळ राहील. पण राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली पाहिजे, अधिवासाचा दाखला पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पंच्याऐंशी टक्के जागा राज्यातल्या पोरांच्या. उरलेल्या पंधरासाठी सारा देश. पूर्वी तर विदर्भातल्या पोराला विदर्भात सत्तर टक्के राखीव असायचे, तो सत्तर-तीसचा हिशोबही २०२०मध्ये गेला.

"आडनाव अथचं, वावर अथचं, सातबारावर त्याच्या बापाचं नाव. आन मंते, तुमचं पोरगं भायेरचं. तथी शायेत त्याचे वर्षं भरले तं थो तथचा झाला. पान्यासारखा तेलगू बोलते. अथी आला का मले विचारते, आजी, 'वावर' मंजे काय?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? घर सोडणारा आपल्या मर्जीनं सोडतो. पण त्याच्या पोरांची सही कुणी घेत नाही.

आजींनी नेमका सूर बदलला. "पंजाबातून लोकं येते नं आपल्या अथी," त्या म्हणाल्या. "पागोटेवाले. थे 'दंडवत' मंतेच का नाई?" ते मात्र खरं. स्वामींनी महाराष्ट्रात राहा सांगितलं आणि पंथ गेला थेट पंजाबात, पेशावर-काबूलपर्यंत. तिकडं त्यांना जयकृष्णी म्हणतात. रिद्धपूर त्यांची काशी. राजमठाशी एखादा सरदारासारखा दिसणारा म्हातारा भेटतो, घरात पंजाबी बोलतो, आणि पोथी काढतो ती मराठी. त्याचं मराठी म्हाइंभटांच्या काळचं, माझ्याहून शुद्ध. त्याला कुणी विचारत नाही की तुम्ही हिंदी भाषिक का.

थोरला का गेला, हे मात्र काकूंना कुणी विचारू नये. तीन एकर संत्रा आहे. अंबिया बहार धरला की उन्हाळाभर झाडं पाण्यावर जगवायची, आणि रातपाळीची वीज असली की मध्यरात्री मोटार सुरू करायला वावरात जायचं. ऑगस्टात फळ लिंबाएवढं झालं की गळ सुरू. सकाळी बगीच्यात गेलं की झाडाखाली हिरवा सडा. उरलेल्या मालाचा व्यापारी उभ्या झाडावर सौदा करतो. बांगलादेश हे आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी आयातकर वाढवत नेला तसा इकडं भाव उतरत गेला. ढाक्यात कुणीतरी कागदावर सही करतं आणि मोर्शी-वरुडात एखाद्याचं पोरगं पुण्याचं, नाहीतर हैदराबादचं तिकीट काढतं.

काकूंनी हैदराबादेत एका मोठ्या दुकानात संत्री पाहिली. काचेच्या भांड्यात मांडलेली, प्रत्येकावर बिल्ला, वर पाटी, 'नागपूर ऑरेंज'. भाव, आपल्या बगीच्यातून गेला त्याच्या चौपट.

"म्या उचललं, सोलून पाह्यलं."

"दुकानात?"

"मंग? वास घेतला. हा माल आपला. थो दुकानदार वरडे. म्या म्हनलं, बाप्पा, नागपूरचा नोहे हा, मोर्शी-वरुडाचा हाय, मी मोटार चालू कराले गेली हाय त्याच्यासाठी राती एक वाजता. सुनेनं हात धरून भायेर आनलं. त्या सोललेल्या फळाचे पैशे द्या लागले."

"मग खाल्लं की नाही?"

"नातवानं खाल्लं. म्हने, आजी, गोड हाय. म्या म्हनलं, असनच."

वड्या संपल्या. कोपराच्या कडेला लागलेलं पीठ काकूंनी बोटानं निपटून शेवटची एक मोठी वडी टाकली. ती नेहमी आजींसाठी असते. या वड्यांतल्या अर्ध्या हैदराबादला जाणार, पाव बंगळूरला. सोबत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, भाजलेल्या तिखटाचा डबा. अमरावतीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून दिलं की सकाळी तेलंगात. डाळीला अधिवासाचा दाखला लागत नाही.

ऊन कुडावर आलं होतं. वालाचा वेल वाळून नुसती तणावं राहिली होती, ती मी ओढून काढायला लागले. काकूंनी पदराची गाठ सोडली. गाठीत दहा-बारा बिया, आपल्या वालासारख्याच, पण जरा चपट्या आणि काळपट.

"भाजीवाल्यानं देल्ल्या. चिक्कुडू मंते त्याले तथी. आपला वालच हाय, पन शेंग रुंद येते मंते. मिरगात लावू."

"कुठं लावायच्या?"

काकूंनी कुडाकडं पाहिलं, मग माझ्या अंगणातल्या उन्हाकडं.

"औंदा मूळ तुमच्याकडे लावा बाई," त्या म्हणाल्या. "पाह्यतो, शेंगा कोनाकडे येते तं."